दोन नंबरची टाकी

पनवेल, ११ मे

समू,

थोरल्या बहिणीनं धाकटीला पत्र लिहिताना आधी आशीर्वाद लिहायचे असतात. ते मी शेवटी लिहीन, तोपर्यंत राग उतरला तर. दहा महिने झाले, तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहेस. आईचा नाही केलास, हे तुझे उपकार. पण आईकडून निरोप द्यायचा म्हणजे काय असतं ते तुला माहीत आहे. मी ‘यीस्ट कोणतं मागवू ते विचार’ म्हणते, ती फोनवर तुला ‘इष्ट कोणता’ म्हणून विचारते, मग तुम्ही दोघी जेवणाखाणाचं बोलता आणि फोन बंद. म्हणून आज पोस्टात आले. खिडकीतल्या बाईंनी लिफाफा बघून विचारलं, ‘राखी का?’ मे महिन्यात.

कामाचं लिहिते. जांभळं तयार झालीत. चाळीसपैकी तीस झाडं तरी या आठवड्यात उतरवावी लागतील, वरचेवर ढग येताहेत. आणि तू जाताना वाईनची सगळी कृती डोक्यात घेऊन गेलीस. वही आहे, पण तिच्यात तू लिहिलंयस ‘साखर नेहमीप्रमाणे’. नेहमीप्रमाणे म्हणजे किती, समू? कोर्स तू केलास. मी फक्त लायसनसाठी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या आणि शेड बांधायला बाबांना तयार केलं. ते सोडून मला काय येतं, हे तुला चांगलं माहीत आहे.

बाबांनी यंदा स्पष्ट सांगितलंय. याही वर्षी टाकी बिघडली तर शेड कंटेनरवाल्यांना गोदामाला द्यायची आणि जांभळं झाडावरच व्यापाऱ्याला. म्हणाले, ‘आमी मिठागरवाली मानसं, आमचं काय नडलंय दारूशिवाय.’ वाईनला ते अजून दारूच म्हणतात. गावात मात्र ‘साखरेवरचं औषध’ म्हणून सांगतात आणि रोज एकाला टोपलीभर जांभळं फुकट देतात.

उंच झाडांखाली अंथरायला मी करंज्याहून कोळ्यांची जुनी जाळी आणली. म्हटलं, शिवा वरून फांदी हलवेल, फळ जाळ्यात पडेल, फुटणार नाही. जाळी अंथरली तर शिवा झाडावरून खालीच उतरला. त्याची बायको जनी पदर नाकाला लावून म्हणाली, ‘ताई, यांना मावऱ्याचा वास मारतंय. जांभलांना लागंल.’ आईनं घरातून ओरडून विचारलं, बागेत काय मेलंय का. मासळीचा वास जावा म्हणून धुतली होती मी जाळी. दोनदा. एवढं नाटक करण्यासारखं काय होतं? शेवटी आईच्या जुन्या साड्या अंथरल्या. त्यात एक जुनी नव्हती, त्यावरून वेगळं भांडण.

यीस्टचं आणि साखरेचं लिहून पाठव. आणि बाबा एक वाक्य बोलले म्हणून कोणी घर सोडून दिंडोरीला दुसऱ्याच्या वाईनरीत नोकरी करतं का, याचाही विचार कर.

दिपिका


पनवेल, १७ मे

समू,

तुझं पार्सल मिळालं. यीस्टची चार पाकिटं, यीस्टच्या खुराकाची पूड आणि एक टाईप केलेला कागद. खाली सही नाही, वर ‘ताई’ नाही. पाचव्या ओळीत ‘कृपया’ आहे. सख्ख्या बहिणीला कृपया. त्यापेक्षा शिव्या लिहिल्या असत्यास तर मी उशाशी ठेवल्या असत्या.

तरी तुझ्या कागदाप्रमाणेच सगळं केलं. परवा तोडणी संपली. शिवानं शेंड्यापर्यंत चढून हातानं तोडली, जनी आणि वाडीवरच्या तिघी खाली निवडायला. हिरवट बाजूला, फुटलेलं बाजूला. चार दिवस सगळ्यांच्या जिभा आणि हात जांभळे. आई पूजा करताना देवाच्या मूर्तीला बोटं लागू नयेत म्हणून चमच्यानं कुंकू लावत होती.

गर काढायला बसलो तेव्हा बाबा आले. ‘बिया कशाला काडतंव? बीच तर औषधी.’ मी म्हटलं, बियांनी तुरटपणा येतो, समीक्षानं लिहिलंय. तुझं नाव निघालं तसे उठून गेले. थोड्या वेळानं परत येऊन म्हणाले, गूळ घाला, साखर नको. नाही म्हटलं तर जेवले नाहीत. मग आईनं माझ्याशी अबोला धरला, कारण बाबा जेवले नाहीत. वाईन करणं सोपं आहे, समू. माणसं सांभाळणं अवघड.

काल सकाळी गर दोन नंबरच्या टाकीत भरून यीस्ट घातलं. हो, त्याच टाकीत. एक नंबरचा नळ गळतो. संध्याकाळपर्यंत वर फेस आला. चर्रचर्र आवाज येतो, कान लावला की ऐकू येतो. मी खूप वेळ कान लावून बसले होते.

तुझ्या कागदावर सातवा मुद्दा आहे, ‘सकाळ-संध्याकाळ ढवळणे व वास घेणे.’ ढवळते आहे.

आज सकाळी दूध करपलं. आई म्हणाली, ‘तू तर चुलीशेजारीच व्हतीस.’ मी तुझा कागद वाचत होते. घरात कोणाला दोन मिनिटं वाचू देत नाहीत.

दिपिका


पनवेल, २४ मे

समू,

तू आईला फोन करून विचारलंस, ‘टाकीचा वास जनी का घेते?’ मलाच विचारता आलं असतं. मला सर्दी आहे.

झालं ते असं. मंगळवारी सकाळी मी जनीला टाकीवर वाकायला सांगितलं. ती एकदम मागे सरली. म्हणाली, ‘सडलेल्या अंड्याचा वास येतंय.’ मी तशीच घरात धावले. आईला सांगितलं, आईनं तुला फोन लावला, तू सांगितलंस जोरात ढवळा, हवा द्या, यीस्टला खाणं कमी पडलंय, पार्सलमधली खुराकाची पूड घाला. तसं केलं. दोन दिवस जनी दर तासाला येऊन वाकायची. बुधवारी म्हणाली, ‘अजून हाय, पन कमी.’ गुरुवारी म्हणाली, ‘आता नाय. आता ताडीसारका येतंय, ग्वाड.’ मी तिला जवळजवळ मिठीच मारली. आता ती टाकी तिचीच असल्यासारखी वागते, मला झाकण उघडू देत नाही.

आज चहा पिताना ती हळूच म्हणाली, ‘ताई, मी जांभलं येचायला लागले तवापासून तुमची सर्दी हाय. नाक तर गलत नाय तुमचा.’ मी म्हटलं, आतल्या आत असते कुणाकुणाची. ती कप विसळायला गेली.

उन्हानं डोकं उठलंय. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की सगळे खिडक्या लावून घेतात आणि घराची भट्टी होते. आज इथेच थांबते.

दि.


पनवेल, २ जून

समू,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिणार आहे. तू मधेच थांबू नकोस.

शनिवारी दुपारी मी चहा ठेवायला गेले. शेगडीचं बटण कधीचं उघडं राहिलं होतं देव जाणे. मी काडेपेटी हातात घेतली आणि आई मागच्या दारातून धावत आली. तिनं माझ्या हातावर फटका मारला, काडेपेटी उडवली, रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. अंगणापर्यंत वास येत होता म्हणे. मी आत उभी होते, समू. मला कसलाच वास आला नव्हता.

आई ओट्याशी खाली बसली. ओरडली नाही. विचारलं, ‘कवापासून?’

गेल्या वर्षीच्या मार्चमधल्या तापापासून. तू तेव्हा परीक्षेत होतीस. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिन्यांत वास परत येईल. नाही आला. मी मोगरा हुंगून पाहिला, हिंग हुंगला, रॉकेल हुंगलं. कागद हुंगल्यासारखं. जेवणात फक्त तिखट आणि खारट कळतं. आईच्या हातचं कालवण खाऊन मी ‘छान झालंय’ म्हणत होते आणि ती खूश होत होती.

सांगितलं का नाही? सगळीकडे मीच नाचत होते ना. बाबा, जांभळाची वाईन करू. बाबा, शेड बांधू. समू शिकेल, मी सांभाळेन. आणि वाईन करणाऱ्या घरातल्या थोरल्या पोरीला वासच येत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हटलं, येईल परत. कुणाला कळायच्या आत येईल.

मग तू तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेलीस. जाताना मला म्हणालीस, ‘ताई, दोन नंबरचं झाकण नीट बसतं ना बघ, आणि रोज वास घेऊन वहीत लिही. आंबूस वाटलं की लगेच मला फोन कर.’ मी लिहिलं. एकवीस दिवस, एकवीस वेळा, ‘वास ठीक’. झाकणाचं रबर वाकडं बसलं होतं. हवा आत जात होती. नाक असलेल्या कुणालाही तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं असतं. मी रोज वाकत होते, श्वास घेत होते आणि लिहीत होते.

तू आलीस त्याच दिवशी बाबांनी प्रभाकरशेठना चव घ्यायला बोलावलं होतं. कर्नाळ्याजवळच्या त्यांच्या रिसॉर्टला सगळा माल द्यायचं ठरत होतं. तू झाकण उघडलंस आणि तुझा चेहरा मी पाहिला. प्रभाकरशेठ दोन पावलं मागे सरले, म्हणाले, ‘हा तर सिरका झाला.’ तू माझ्याकडे वळलीस. ‘ताई, रोज वास घेतलास ना?’ मी म्हटलं, ‘घेतला. परवापर्यंत ठीक होता.’

हे वाक्य मी बोलले. कुणी बोलायला लावलं नव्हतं.

मग बाबांना एकच अर्थ लागला. तू जाण्यापूर्वी वाईन टिकवायचं औषध कमी घातलंस. परक्या माणसासमोर ते म्हणाले, ‘शिकली त्या निस्ती कागदावर. हातात काय नाय.’ तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता, समू. मी वहीवर नजर ठेवून उभी राहिले. बाबांनी नळ उघडला आणि पाचशे लिटर गटारात सोडलं. दोन दिवसांनी तू बॅग भरलीस, तेव्हाही मी दारात उभी होते आणि तुला म्हणाले, ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं.’

गेले दहा महिने मी तुझ्यावर चिडले आहे. फोन उचलत नाही म्हणून, सही करत नाही म्हणून, कृपया लिहितेस म्हणून. खरं तर तू घर सोडलंस आणि मला रोज तुझी रिकामी खुर्ची बघावी लागली, म्हणून चिडले होते. स्वतःवर चिडायला माणसाला जरा जास्त वेळ लागतो.

आई सगळं ऐकून एवढंच म्हणाली, ‘मना सांगून काय व्हनार? तिला सांग.’ म्हणून सांगितलं.

माफ कर असं लिहिणार होते. आधी हे वाच. मागून बघू.

ताई


पनवेल, ११ जून

समू,

तुझा मेसेज आला. माझा नंबर उघडलास, आणि पहिला मेसेज काय, तर ‘बाबांना सांगितलंस?’ एवढाच. मी ‘सांगते’ लिहिलं. तू त्याला उत्तर दिलं नाहीस. बरोबरच केलंस.

सांगते म्हणता म्हणता चार दिवस गेले. बाबा जेवायला बसले की वाटायचं, जेवून होऊ दे. जेवून झालं की ते झोपायचे. उठले की कुणीतरी साखरेचं औषध मागायला आलेलं असायचं. आई माझ्याकडे नुसती बघायची. काल प्रभाकरशेठ आले, बाबांनीच बोलावलं होतं. यंदाची वाईन अजून कच्ची आहे, पण जनीच्या नाकाच्या भरवशावर मी ती वेळेत गाळून परत टाकीत नीट भरली आहे. झाकणाचं रबर तीन वेळा तपासलं. प्रभाकरशेठनी ग्लासात घेतली, उजेडात धरली, घोट घेतला. म्हणाले, ‘काशिरामभाऊ, या वेळी जमलं.’

बाबा फुलले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘थोरलीच्या हाताला गुन हाय. धाकटीनं निस्ती वाट लावली व्हती.’

मी म्हटलं, ‘बाबा, मागच्या वर्षीची टाकी माझ्यामुळे गेली.’

त्यांना वाटलं, मी तुझी बाजू घेतेय. म्हणाले, ‘बहीन म्हनून बोलतंस.’ मग मी सगळं सांगितलं, शेडमध्ये उभी राहून, प्रभाकरशेठसमोर. तुला बोलणी खावी लागली तेव्हा तिथे तेच होते, म्हणून त्यांच्यासमोरच. जनी टाकीमागे उभी होती, तीही ऐकत होती. वास येत नाही हे सांगितलं. वहीतलं सांगितलं. ‘परवापर्यंत ठीक होता’ हेही सांगितलं.

बाबांचा विश्वास बसेना. ते घरात गेले. परत आले तर दोन्ही हात पाठीमागे. म्हणाले, ‘डोले मीट.’ लहानपणी खाऊ आणायचे तेव्हा म्हणायचे, तसं. मी मिटले. त्यांनी नाकाजवळ काहीतरी धरलं. ‘काय हाय?’ मला नाही कळलं. दुसरं धरलं. ‘हा?’ नाही कळलं. तिसरं नाकाला टेकलंच, थंड आणि मऊ लागलं, म्हणून मी फूल म्हणाले. त्यांनी विचारलं, ‘कुठला?’ मी म्हटलं, ‘नाही सांगता येत, बाबा.’

डोळे उघडले तर त्यांच्या एका हातात सुकटीची पुडी आणि हिंगाची डबी, दुसऱ्यात आईच्या वेणीतला मोगरा. ते जांभळाच्या पालथ्या क्रेटवर बसले. प्रभाकरशेठनी ग्लास खाली ठेवला आणि ‘मी नंतर येतो’ म्हणून निघाले. बाबांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, ‘शेठ, त्या दिवशी तुमच्यासमोर धाकटीला बोललो मी. तिचा काय चुकला नव्हता. ह्या तुमी पन आयका.’ बाबांनी एखादा शब्द मागे घेतलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

माझ्यावर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. जेवताना आईनं वाढलेलं कालवण त्यांनी माझ्या ताटात बघितलं आणि विचारलं, ‘यातला काय कलतं तुला?’ मी म्हटलं, मीठ कळतं. त्यांनी मान हलवली आणि तसेच बसून राहिले, घास हातात धरून.

आज पहाटे उठले तर ते आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. म्हणाले, ‘नाशिकची एसटी कितीला हाय?’ मी म्हटलं, मीही येते. म्हणाले, ‘तू आपली टाकी बघ. मीच बोललो, मीच जायला होवा.’ त्यांना नाशिकनंतर दिंडोरीची गाडी बदलावी लागते हेही माहीत नाही. आईनं भाकऱ्या बांधल्या. त्यांनी स्वतः टाकीतून एक बाटली भरून घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत उभी ठेवली, परत काढून आडवी ठेवली, मला तीनदा विचारलं फुटणार नाही ना. चिडायची सवय मोडत नाही, तिसऱ्या वेळी मी ओरडलेच.

हे पत्र मी त्यांच्याच हाती देते आहे. ते सदऱ्याच्या खिशात ठेवतील. चष्मा ते विसरून निघालेत, म्हणजे वाटेत वाचणार नाहीत, आणि वाचलं तरी आता हरकत नाही. तुझ्या हातात हे पडेल तेव्हा ते तुझ्या दारात उभे असतील, घामेजलेले, गाडी बदलताना दोनदा चुकलेले. थेट माफी मागायला त्यांना जमणार नाही. आधी झाडांचं बोलतील, मग एसटीच्या कंडक्टरला नावं ठेवतील, मग बाटली काढून म्हणतील, ‘जरा वास घेऊन सांग, बरी हाय का.’ त्यांना ते तुझ्या तोंडून ऐकायचंय, दुसऱ्या कुणाच्या नाही. खरं काय ते सांग. बिघडली असेल तर तसं सांग.

माझ्याशी बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी घाई करणार नाही. घरी परत ये असंही लिहीत नाही. तिथली नोकरी तू स्वतःच्या हिमतीवर मिळवली आहेस. जनीला मात्र मी नोकरीवर ठेवलंय आणि ती म्हणते, ‘धाकट्या ताईंनी मना शिकवावा.’ त्याचं उत्तर तिलाच दे, तिच्याकडे फोन आहे.

पहिल्या पत्रात आशीर्वाद राखून ठेवले होते, ते आता द्यायची माझी हिंमत नाही. तेवढ्यापुरती तू थोरली हो.

आणि आता वाचणं बंद कर, समू. त्यांना आत घे.

ताई